गल्ला, भट्टी आणि सातबारा

पळस्पे फाट्यावर पुण्याचा रस्ता सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात शिरढोण येतं. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे गाव. 4 नोव्हेंबर 1845 रोजी ते इथे जन्मले. त्यांचा वाडा बघायला शाळांच्या सहली येतात, आणि वाडा बघून झाला की मुलांना भूक लागते. मी शाळेत होतो तेव्हा अशा मुलांना बोट दाखवून सांगायचो, "तिकडे, रस्त्याला, आमच्या काकांचं हॉटेल आहे." आता ते हॉटेल नाही. त्याच्या भट्टीच्या जागेवरून गाड्या जातात.

हॉटेल म्हणजे चार टेबलं, आठ बाकं, बाहेर मातीने लिंपलेली मोठी भट्टी आणि दाराशी गल्ला. गल्ला लाकडी होता, वर काच, काचेखाली देवाचा फोटो आणि बाजूला सुट्ट्या नाण्यांचे डबे. सकाळी वडे, मिसळ, चहा, अकरानंतर राईसप्लेट. काकू घरून तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी पाठवायची. फळ्यावर हे पदार्थ कधीच लिहिले गेले नाहीत. ज्या ट्रकवाल्यांना ठाऊक होतं ते आल्या आल्या विचारायचे, "घरचं आलंय का?" गिऱ्हाईक हात धुवून निघालं की मागून पोऱ्या ओरडायचा, "पुढे अठरा, चष्मेवाले बारा!" आणि काका त्या आवाजावर पैसे घ्यायचे. बिलाचा कागद मी त्या हॉटेलात पाहिला नाही. गणपतीच्या आधीचे चार दिवस तर काकांना मान वर करायला सवड नसे. मुंबईचे चाकरमानी कोकणात निघालेले, रस्त्यावर गाड्यांची रांग, एसटीतून उतरलेली माणसं डाव्या हातात मूल आणि उजव्या हातात चहाचा ग्लास घेऊन उभी. त्या चार दिवसांच्या गल्ल्यावर आमच्या घरचा गणपती यायचा.

हे हॉटेल बुडत होतं, आणि ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटची चार वर्षं काका दर महिन्याला पदरचे पैसे घालत होते. बँकेचं कर्ज नव्हतं. होती ती किराणावाल्याची उधारी, दूधवाल्याची उधारी आणि एका साडूकडून हातउसने घेतलेले पैसे. काका गेल्यावर गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही सापडली, तिच्यातून हे सगळं कळलं. त्या वहीत गॅसच्या 19 किलोच्या प्रत्येक सिलिंडरची तारीख आहे, पोऱ्याला दिलेल्या दिवाळीच्या कपड्यांची रक्कम आहे, कुणा ड्रायव्हरकडून यायचे राहिलेले सत्तावीस रुपयेसुद्धा आहेत. तीस वर्षं रोज पहाटे चारला उठून भाकऱ्या थापणाऱ्या काकूचं नाव मात्र एकाही पानावर नाही.

हे पुस्तक त्या वहीतून सुरू झालं.

घरचं हॉटेल अडचणीत येतं आणि घरातलंच कुणी ते वाचवायला उभं राहतं, ही गोष्ट जगभरचे लेखक पुन्हा पुन्हा का सांगतात, आणि आपल्याकडे ती नीट का सांगितली गेली नाही, हा या पुस्तकाचा विषय आहे. पडद्यावरच्या हॉटेलांबद्दल मी यात लिहिलं आहे, आणि रस्त्यावरच्या हॉटेलांबद्दलही. एकाकडे पाहिल्याखेरीज मला दुसरं कळत नव्हतं.

काकांची वही वाचत होतो त्याच सुमारास 'द बेअर' ही अमेरिकी मालिका पाहण्यात आली. ख्रिस्तोफर स्टोररने ती निर्माण केली आणि 23 जून 2022 रोजी तिचा पहिला भाग आला. कार्मेन बर्झाटो हा मोठमोठ्या नामांकित हॉटेलांत काम केलेला तरुण आचारी शिकागोला घरी परततो, कारण त्याच्या थोरल्या भावाने आत्महत्या केली आहे आणि भावाचं सँडविचचं दुकान आता त्याच्या नावावर आलं आहे. दुकान म्हणजे आपल्या अर्थाने हॉटेलच: शिजवलेल्या गोमांसाचे पातळ काप लांबट पावात भरायचे आणि हवं तर सगळा पाव रश्शात बुडवून द्यायचा. तर्रीत पाव बुडवून खाणाऱ्या माणसाला ते लगेच समजतं. शिकागोच्या ऑर्लीन्स रस्त्यावरच्या 'मिस्टर बीफ' या खऱ्या दुकानावरून ते घेतलं आहे. भावाने मागे ठेवलेल्या गोष्टींत फुटकी भांडी आहेत, ऐकून न घेणारे जुने नोकर आहेत, आणि ज्याला घरात सगळे काका म्हणतात अशा माणसाचं तीन लाख डॉलरचं देणं आहे.

इथपर्यंत आलो आणि मी मालिका थांबवली. भावाने सगळं लपवलं होतं. किती देणी आहेत, कुणाची आहेत, तो रात्री कसा झोपतो, यातलं काही त्याने सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं. उलट त्याला दुकानात पाऊलही टाकू दिलं नव्हतं. आमच्या काकांनीही आम्हा मुलांना मोठेपणी गल्ल्यावर बसू दिलं नाही. "तुम्ही शिका, इथे काय आहे," म्हणायचे. आम्हाला वाटायचं, आमच्या भल्यासाठी म्हणतात. भल्यासाठी होतंच ते. पण गल्ल्यावर बसलो असतो तर वही उघडली असती, हेही त्यांना ठाऊक असावं.

पहिल्या भागमालेचा शेवट मला पटला नाही, आणि ते इथेच सांगून टाकतो. भावाच्या चिठ्ठीवरून कार्मेन टोमॅटोचे छोटे डबे उघडतो आणि आत नोटांच्या गुंडाळ्या निघतात. घरच्या हॉटेलात अशी लपवलेली रास कुणाला सापडत नाही. सापडतात त्या उधाऱ्या. पण त्या चिठ्ठीत पैशांआधी पाककृती आहे, आणि डबे छोटे घ्यावेत, त्यांची चव चांगली लागते, अशी सूचना आहे. मरणारा भाऊ धाकट्याला शेवटचं काय सांगतो, तर टोमॅटो कुठला घ्यायचा. हा भाग लिहिणाऱ्याने हॉटेलातली माणसं जवळून पाहिली आहेत यात मला शंका नाही. प्रेम, पश्चात्ताप, क्षमा हे शब्द ज्या माणसांच्या तोंडून निघत नाहीत, ती माणसं मिठाबद्दल, तेलाबद्दल, भाकरीच्या पिठाबद्दल बोलतात. आमच्या काकूला काकांची आठवण आली की ती अजूनही म्हणते, "त्यांना वड्यात लसूण जास्त लागायचा."

मालिका विनोदी की गंभीर, यावर तिकडे बराच वाद झाला. जानेवारी 2024 च्या एमी पुरस्कारांत विनोदी मालिकांच्या गटात तिला सर्वोत्कृष्ट मालिकेसह दहा पुरस्कार मिळाले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी अकरा. आत्महत्या, व्यसन, कर्ज यांनी भरलेल्या मालिकेला विनोदी कसं म्हणायचं, असं पुष्कळांनी विचारलं. भट्टीजवळ वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. गर्दीच्या वेळी हॉटेलात जे घडतं ते एकाच वेळी जीव काढणारं आणि हसवणारं असतं. पहिल्या भागमालेचा सातवा भाग घ्या. आगाऊ ऑर्डर घेण्याचं बटण चुकून चालू राहतं आणि ऑर्डरींच्या चिठ्ठ्या यंत्रातून बाहेर पडतच राहतात, थांबत नाहीत. जवळजवळ सबंध भाग कॅमेरा न तोडता घेतला आहे. तो बघताना मला गणपतीच्या आदल्या रात्रीची आमची मोरी आठवली: ग्लास संपलेले, वडे संपलेले, एसटीचा कंडक्टर घंटी वाजवतो आहे, आचारी रागाने झारा फेकून रस्त्यापलीकडे जाऊन बसला आहे, आणि शाळा शिकलेला एक पाहुणा त्या सगळ्यात काकांना विचारतो आहे, "मिसळीत मटकी मोड आलेली असते ना?" काका तेव्हा रडकुंडीला आले होते. पुढे वीस वर्षं हा प्रसंग सांगून आमचं घर हसत होतं. दोन्ही खरं आहे, आणि ज्या लेखकाला दोन्ही एकाच दृश्यात धरता येतं त्यालाच हा विषय हाताळता येतो.

दुसऱ्या भागमालेतला 'फोर्क्स' हा भाग मी कितीतरी जणांना दाखवला आहे. कार्मेनच्या दुकानातलाच, पंचेचाळिशीचा, सगळ्यांवर खेकसणारा रिची एका अत्यंत नावाजलेल्या हॉटेलात शिकायला पाठवला जातो आणि त्याला आठवडाभर काटे पुसायला बसवतात. आधी त्याला तो अपमान वाटतो. मग हळूहळू त्याच्या लक्षात येतं की काट्यावरचा डाग गिऱ्हाइकाला दिसतो, आणि तो दिसू नये म्हणून कुणीतरी खपतं, त्या खपण्याला तिथे मान आहे. आपल्या हॉटेलात टेबलावर फडका मारणाऱ्या पोराला असा मान कुणी दिला? मालक त्याला 'ए पोऱ्या' म्हणतो, गिऱ्हाईकही तेच म्हणतं. आमच्याकडे नऊ वर्षं काम केलेल्या मुलाचं पूर्ण नाव मला त्या वहीतल्या पगाराच्या नोंदीतून कळलं. ते मला लाजिरवाणं वाटतं.

तिकडची मालिका बघून इकडे हळहळावं, यासाठी मी हे लिहिलेलं नाही. बुडणाऱ्या अन्नघरांचा अनुभव महाराष्ट्राला शिकागोपेक्षा मोठा आहे. गिरणगावातल्या खाणावळी आठवा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्याहून आलेले, बायकामुलं गावी ठेवलेले हजारो गिरणी कामगार दोन वेळ जेवायचे ते चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, कुणा मावशीकडे, कुणा काकीकडे. मावशी महिनाभर उधारीवर वाण्याकडून तांदूळ-तेल आणायची आणि कामगाराचा पगार झाला की पैसे घ्यायची. मधल्या दिवसांत सावकार तिच्या दारात असायचा. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांसाठी. त्यांना सावकारापासून सोडवायचं, बँकेचं दार दाखवायचं, आणि घरात राबणारी ही बाई धंदा करते आहे हे आधी तिलाच पटवायचं, असं ते काम होतं. मग 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. संपाचा इतिहास लिहिला गेला आहे, त्यावर नाटकं-चित्रपट झाले आहेत. पण ज्या खोलीत जेवणारी माणसं पैसे द्यायची थांबली आणि तरीही रोज संध्याकाळी दारात उभी राहिली, त्या खोलीत काय झालं? वाढायचं की नाही वाढायचं? इतकी वर्षं मुलासारखा जेवलेला माणूस, त्याच्या ताटात भात घालायचा नाही? आणि घालायचा तर वाण्याला काय सांगायचं? याहून मोठं नाट्य मला कुठल्याही हॉटेलच्या गोष्टीत दिसलेलं नाही. दहा भागांची मालिका त्या एका खोलीत घडू शकते, आणि तिच्यात हसूही असेल, कारण जिथे वीस माणसं पाळीपाळीने एका पाटावर जेवतात तिथे हसणं थांबत नाही.

आपल्याकडे या विषयावर लिहिलं गेलं ते बहुतेक यशाच्या बाजूने. विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' मराठी घराघरांत वाचलं गेलं. चर्चगेटजवळच्या वडिलांच्या 'सत्कार'पासून ते पंचतारांकित हॉटेलापर्यंतचा त्यांचा प्रवास कित्येक मुलांनी उशाशी ठेवला. त्या पुस्तकाचं ऋण मी मानतो. आमच्या काकांकडेही त्याची एक प्रत होती, तेलाच्या बोटांचे ठसे असलेली. पण मोठं होण्याची गोष्ट आणि टिकून राहण्याची गोष्ट वेगळी असते. चार टेबलांच्या हॉटेलाला पंचतारांकित व्हायचं नसतं. त्याला पुढचा पावसाळा काढायचा असतो.

मराठी टेलिव्हिजनने स्वयंपाकघर भरपूर दाखवलं, गल्ला फारसा दाखवला नाही. 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये गिरीश ओक यांनी शेफ रंगवला आणि तो लोकांना आवडला. पण तिथे खरा प्रश्न सासूच्या लग्नाचा होता, हॉटेलचा नव्हता. चित्रपटात सचिन कुंडलकरांचा 'गुलाबजाम' (2018) या विषयाच्या सगळ्यात जवळ गेला. लंडनची नोकरी सोडून मराठी स्वयंपाक शिकायला पुण्यात येणारा तरुण आणि डबे करणारी एकटी बाई, यांच्यात अन्न हे खरोखर काम म्हणून दिसतं: हात भाजतात, अंदाज चुकतो, माणूस पुन्हा करतो. मालिकांच्या बाबतीत मला 'श्रीयुत गंगाधर टिपरे'ची आठवण येते. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केदार शिंदे यांनी केलेली ती मालिका आठवड्यातून एकदा यायची. तीत कुणी कुणाच्या दुधात विष कालवत नव्हतं, तरी सगळं घर टीव्हीसमोर बसायचं. साध्या घरातली पैशांची ओढाताण विनोदातून सांगता येते हे तिने दाखवून दिलं होतं. रोजच्या रोज भाग द्यावा लागणाऱ्या मालिकांत ते जमत नाही, कारण हॉटेलचं काम दाखवायला वेळ लागतो आणि हात खरे लागतात. 'द बेअर'मध्ये दुरुस्तीची कामं करणारा नील फॅक ज्याने केला तो मॅटी मॅथेसन खऱ्या आयुष्यात आचारी आहे. कांदा कसा धरायचा हे न शिकलेल्या नटाला भट्टीपुढे उभं केलं की पहिल्याच मिनिटाला प्रेक्षकाला ते कळतं. निदान आमच्या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला तरी.

आता शिरढोणकडे परत येतो, कारण आमच्या हॉटेलांची गोष्ट एका बाबतीत अगदी वेगळी आहे, आणि माझ्या दृष्टीने या पुस्तकाचं कारण तेच आहे. शिकागोचं हॉटेल कर्जाने बुडायला आलं. आमच्याकडची हॉटेलं जमिनीच्या भावाने बुडाली.

पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि दशक उलटलं तरी रखडत राहिलं. ज्यांनी ती वर्षं काढली त्यांना त्या रस्त्याचं वेगळं वर्णन नको. भरावाची धूळ वड्याच्या पिठात पडायची. आज डावीकडून वळवलेली वाहतूक उद्या उजवीकडून जायची, आणि हॉटेल कधी रस्त्याच्या काठावर, कधी खड्ड्याच्या पलीकडे. गाडीवाल्याला थांबायचं मन असलं तरी थांबायला जागा नसे. त्याच वर्षांत दुसरंही काही चाललं होतं. 2013 मध्ये नियोजित नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी 'नैना'चं काम सिडकोकडे आलं आणि पनवेल तालुक्यातल्या गावोगावी जमिनीच्या दलालांच्या गाड्या फिरू लागल्या. पुढे 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला, ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. ज्या गुंठ्यावर काका वडे तळत होते त्या गुंठ्याचा भाव वडे तळून दोन जन्मांत मिळाला नसता.

मग सातबारा बाहेर निघतो. आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावं होती: काका, माझे वडील, त्यांच्या बहिणी, चुलतभाऊ, एका मयत भावाचे वारस. हॉटेल काकांचं, भट्टी काकांची, पण जमीन सगळ्यांची. रस्त्यात गेलेल्या भागाचा मोबदला आला तेव्हा तो अकरा जणांत वाटला गेला, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. आत्यांना त्यांचा हक्क मिळायलाच हवा होता. उरलेल्या पट्टीवर पुन्हा हॉटेल उभारायचं की ती विकायची, यावर घरात बैठक झाली. काका गप्प बसले होते. त्यांना विचारलं, "धंदा कसा चालतो?" ते म्हणाले, "चाललाय." वही गल्ल्याच्या खालच्या कप्प्यातच राहिली. ज्यांच्याकडे आकडे नव्हते त्यांनी निर्णय घेतला, आणि ज्यांच्याकडे होते त्यांनी ते दाखवले नाहीत.

'द बेअर'च्या दुसऱ्या भागमालेत कार्मेन जुनं दुकान पाडून नवं हॉटेल काढायचं ठरवतो आणि आणखी पैशांसाठी त्या काकाला शब्द देतो की अठरा महिन्यांत परत केले नाहीत तर इमारत आणि जागा तुमची. म्हणजे तिथेही शेवटी जागाच पणाला लागते. फरक इतकाच की तिथे सगळे एका टेबलाभोवती बसून मोठ्याने आकडे बोलतात. ओरडतात, शिव्या देतात, पण आकडे बोलतात. बहीण नॅटली कागद पसरून बसते, आणि तिच्या हातात हिशोब गेल्यापासून त्या हॉटेलाला काही आशा दिसू लागते. चौथ्या भागमालेत तर काका सरळ भिंतीवर उलटं मोजणारं घड्याळच आणून लावतो: इतके तास पैसे पुरतील, त्यानंतर बंद. आमच्या घरात कुणी असं घड्याळ लावलं असतं तर तो अपशकुन मानला गेला असता. मला आता वाटतं, लावायला हवं होतं.

काकांच्या वहीवरून मी पुढे एक हिशोब मांडून पाहिला. काकूच्या पहाटेच्या कामाला गावातल्या मजुरीच्या निम्म्या दराने पैसे धरले, सुट्टीत गल्ल्यावर आणि मोरीवर राबलेल्या आम्हा मुलांना काहीच धरलं नाही. तेवढ्यानेच ते हॉटेल शेवटच्या चार वर्षांच्या कितीतरी आधीपासून तोट्यात निघालं. ते चालत होतं ते काकूच्या अंगावर. घरच्या हॉटेलात घरच्या माणसाचा पगार लिहीत नाहीत, म्हणून धंदा फायद्यात दिसतो. आणि सून नोकरीला लागली, मुलगी लग्न होऊन गेली, सासूचे गुडघे गेले की वर्षभरात तोच धंदा बसतो. मग लोक म्हणतात, चव गेली. चव गेलेली नसते. जी माणसं फुकट राबत होती ती गेलेली असतात. करोनाच्या काळात, मार्च 2020 पासून 5 ऑक्टोबरला हॉटेलांत बसून खायला परवानगी मिळेपर्यंत, आमच्या रस्त्यावरची जी थोडी हॉटेलं पार्सलवर तगली ती घरच्या बायकांच्या हातांवर तगली. नोकर गावी गेले होते. त्या सहा महिन्यांचा पगारही कुठे लिहिलेला नाही.

म्हणून या पुस्तकात पाककृती नाहीत. पुढच्या प्रकरणांत मी आधी पडद्यावरची हॉटेलं घेतली आहेत, मग गिरणगावच्या खाणावळी, मग पनवेल ते पेण या पट्ट्यातली चहाची टपरी, वडापावची गाडी, राईसप्लेटची हॉटेलं. ज्यांनी आपल्या वह्या मला वाचू दिल्या त्यांची नावं त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत. त्यांतली तीन हॉटेलं आज चालू आहेत. तिन्हींत एक गोष्ट सारखी आढळली: कधीतरी एका संध्याकाळी गल्ला बंद झाल्यावर घरातल्या सगळ्यांसमोर वही उघडली गेली होती, आणि ती उघडायला लावणारी प्रत्येक ठिकाणी बाई होती.

मालिका लिहिणाऱ्या तरुण मित्रांनी हे पुस्तक वाचावं अशी माझी इच्छा आहे. त्यांना इथे कथानक आयतं मिळणार नाही. पण सिलिंडर संपल्यावर आचारी काय म्हणतो, थांब्यावर गाडी आणणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरला फुकट काय वाढतात आणि का, पावसाळ्यात मिसळ का वाढते आणि राईसप्लेट का घटते, हे त्यांना सापडेल. शिरढोणचा फाटा अजून आहे. हिवाळ्यात शेतात पोपटी लागते, मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घातला जातो, आणि पोपटीभोवती बसलेली माणसं बंद पडलेल्या हॉटेलांच्या गोष्टी सांगत असतात. ज्यांना मालिका लिहायची आहे त्यांनी एकदा तिथे येऊन बसावं.

आणखी एक विनंती आहे, ती वाचकांना. फडक्यांची रोजनिशी आणि आत्मवृत्त इंग्रजांनी जप्त करून खटल्यात पुरावा म्हणून वापरलं. त्या लिखाणामुळेच आमच्या गावच्या त्या माणसाचं मन आज आपल्याला वाचता येतं. हॉटेलच्या वह्या कुणी जप्त करत नाही. त्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. तुमच्या घरात, आजोळी, शेजारी कुणाचं हॉटेल, खाणावळ, टपरी असेल किंवा होती, तर तिथली वही रद्दीत देऊ नका. जी माणसं हयात आहेत त्यांच्याजवळ बसून ती वाचा, आणि भाकऱ्या कोण थापत होतं ते पहिल्या पानावर लिहून ठेवा. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर काकूने मागच्या पाडव्याला स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलं.